समुद्रघोड्याचं कुरण



आज आपल्याला जरा लांब जायचं आहे, पार तमिळनाडूच्या किनाऱ्यावर. पण तिथेही आपल्या ओळखीचा एक शब्द उभा आहे. तंजावर जिल्ह्यात समुद्राला लागून मल्लिपट्टिणम नावाचं मासेमारांचं गाव आहे. गावाजवळ सहा बाजूंची, आठ मजल्यांची एक जुनी इमारत आहे. तिथले तमिळ लोक तिला 'मनोरा' म्हणतात.

हा मनोरा तंजावरच्या भोसल्यांनी बांधलेला. छत्रपती शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांनी १६७० च्या दशकात तंजावरला गादी स्थापन केली. त्याच गादीवर पुढे दुसरे सरफोजीराजे आले. सरस्वती महाल ग्रंथालय ज्यांनी नावारूपाला आणलं, तेच हे राजे. १८१४ च्या सुमारास त्यांनी हा मनोरा उभारला. कशासाठी, तर तिकडे युरोपात इंग्रजांनी नेपोलियनचा पाडाव केला त्याची आठवण म्हणून! राज्याचा कारभार १७९९ मध्येच इंग्रजांच्या हाती गेला होता. दोस्तांना खूश ठेवणं भाग होतं.

मनोऱ्यासमोर जो समुद्र दिसतो तो पाल्कचा उपसागर. अठराव्या शतकातल्या रॉबर्ट पाल्क नावाच्या मद्रासच्या गव्हर्नराचं नाव त्याला मिळालं. पलीकडच्या काठाला श्रीलंका. राजाच्या मनोऱ्याची नोंद इतिहासात झाली, गव्हर्नराचं नाव नकाशावर गेलं. त्याच समुद्राच्या तळाशी मैलोन्‌मैल एक हिरवं कुरण पसरलेलं आहे, त्याचं नाव मात्र इतिहासाच्या पुस्तकात फारसं सापडत नाही. आज मी त्या कुरणाचा इतिहास सांगणार आहे. ते कसं होतं, कसं उजाड होत गेलं, आणि ते वाचवायला माणसांनी काय काय करून पाहिलं.

पाण्याखालचं गवत

आधी एक गैरसमज दूर करू. समुद्रगवत म्हणजे शेवाळ नव्हे. शेवाळाला खरी मुळं नसतात, फुलं येत नाहीत. समुद्रगवत ही आपल्या शेताच्या बांधावरच्या वनस्पतींसारखी खरीखुरी वनस्पती आहे. तिला मुळं असतात, जमिनीखालून सरपटणारं खोड असतं, पानं असतात, फुलं येतात आणि बीसुद्धा धरतं. फरक इतकाच की हे सगळं खाऱ्या पाण्याखाली चालतं. परागकणही पाण्यातूनच वाहत जातात. कोट्यवधी वर्षांपूर्वी जमिनीवरच्या काही वनस्पती पुन्हा समुद्रात गेल्या, त्यांचे हे वंशज.

या गवताला दोन गोष्टी लागतात. ऊन तळापर्यंत पोचेल इतकं उथळ नि स्वच्छ पाणी, आणि मुळं धरायला मऊ तळ. पाल्कचा उपसागर त्यासाठी जणू राखूनच ठेवलेला. पाणी उथळ, बहुतेक ठिकाणी दहा-पंधरा मीटरच्या आतलं, आणि लाटांचा जोर बेताचा. म्हणून तिथे अनेक जातींचं गवत वाढतं. कुठे पट्ट्यासारखी लांब पानं, कुठे शेवयांसारखी गोल, तर कुठे नखाएवढी इवली. आपला पश्चिम किनारा पावसाळ्यात खवळतो, पाणी गढूळ होतं, त्यामुळे आपल्याकडे अशी मोठी कुरणं नाहीत. तरी गोव्यात मांडवीच्या खाडीसारख्या जागी चिखलात बारीक पानांच्या समुद्रगवताची नोंद आहे.

आता या गवताचा उपयोग काय? गावात गायरान असतं ना, तसंच समजा. गायरानावर गुरं चरतात, पाखरं घरटी करतात, पावसाचं पाणी मुरतं. समुद्रगवतात कोळंबीची आणि माशांची पिल्लं लहानाची मोठी होतात. खेकडे आसरा घेतात. पानांमुळे पाण्याचा वेग मंदावतो, गाळ खाली बसतो. मुळं तळ धरून ठेवतात, म्हणजे किनाऱ्याची वाळू वाहून जाणं कमी होतं. आणि या कुरणात खरोखरची एक गायही चरते. तिला इंग्रजीत डुगाँग म्हणतात, आपण समुद्रगाय म्हणू. ती सस्तन आहे, पिल्लाला अंगावर पाजते, श्वास घ्यायला पाण्यावर येते आणि दिवसाला तीस-चाळीस किलो गवत खाते.

बाप बाळंत होतो तो मासा

याच गवतात समुद्रघोडा राहतो. तमिळमध्ये त्याला 'कडल कुदिरै' म्हणतात, अर्थ तोच. तोंड घोड्यासारखं, शेपूट माकडासारखी वळणारी, पण आहे तो मासाच. कल्ल्यांनी श्वास घेतो. अंगावर खवल्यांऐवजी हाडांची कडी असतात. पोहण्यात अगदी कच्चा, म्हणून शेपटीने गवताच्या पात्याला विळखा घालून बसतो. रंग गवतासारखा करतो आणि समोरून जाणारे बारीक जीव नळीसारख्या तोंडाने ओढून घेतो. त्याला दात नाहीत, पोटाची पिशवीही नाही. म्हणून दिवसभर खातच राहावं लागतं.

आणि गंमत ऐका. समुद्रघोड्यांमध्ये गरोदरपण बापाला असतं. मादी आपली अंडी नराच्या पोटावरच्या पिशवीत घालते. तिथे ती फलतात, तिथेच वाढतात. काही आठवड्यांनी नर कळा दिल्यासारखा अंग वाकवून वाकवून पिल्लं बाहेर सोडतो. कधी काही डझन, कधी शेकडो. आपल्यापैकी बऱ्याच जणींना वाटेल, ही रीत माणसांत का नाही!

पण हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट नाही ही. या जगण्यात एक मोठा धोका आहे. समुद्रघोडा एका लहानशा जागेला धरून राहतो. बऱ्याच जातींमध्ये नर-मादीची जोडी टिकून असते. एक नर पकडला गेला तर त्याच्या पोटातली पिल्लंही जातात, आणि मागे राहिलेल्या मादीला दुसरा जोडीदार मिळायला वेळ लागतो. हातपाय मारून लांब जाणं त्याला जमत नाही. म्हणजे गवत गेलं की समुद्रघोडा गेला, असा हा हिशोब.

शिडाच्या होड्या गेल्या, ट्रॉलर आले

पूर्वी पाल्कच्या उपसागरात मासेमारी चालायची ती वल्ह्यांच्या आणि शिडाच्या होड्यांनी. आपल्याकडे कोकणात रापण ओढतात, तशी किनाऱ्यावरून ओढायची जाळी तिथेही होती. समुद्रकाकडी नावाचा एक मऊ, लांबट जीव पाणबुडे हाताने गोळा करायचे. तो उकडून, वाळवून चीनकडे जायचा. हा व्यापार फार जुना. समुद्रघोडा मात्र मुद्दाम कुणी शोधत नव्हतं.

स्वातंत्र्यानंतर देशाला अन्न हवं होतं आणि परकीय चलनही. १९५२ साली भारताने नॉर्वेशी मासेमारी सुधारण्याचा करार केला आणि केरळच्या किनाऱ्यावर काम सुरू झालं. इंजिनाच्या होड्या आल्या. पुढे परदेशात कोळंबीला सोन्याचा भाव मिळतो म्हटल्यावर ट्रॉलरचं जाळं सगळ्या किनाऱ्यांवर पसरलं. १९६० च्या दशकाच्या शेवटी ते पाल्कच्या उपसागरातही पोचलं.

ट्रॉलरचं जाळं कसं चालतं ते सांगते. पिशवीसारखं मोठं जाळं, त्याचं तोंड उघडं राहावं म्हणून दोन जड फळ्या, आणि तळाला घासत जाणारी वजनदार साखळी किंवा दोर. बोट पुढे जाते तसं ते जाळं तळावरून कुळवासारखं फिरतं. कुळवाने तण निघतं आणि पीक येतं. इथे उलटं होतं. जे पीक देणार तेच गवत मुळासकट निघतं. वर गाळ ढवळला जातो, पाणी गढूळ होतं आणि उरलेल्या गवताला ऊन मिळत नाही.

लहान होडीवाल्यांनी गप्प बसून सोसलं असं नाही. १९७० च्या दशकात तमिळनाडूच्या किनाऱ्यावर ट्रॉलरवाले आणि होडीवाले यांच्यात मोठे झगडे झाले, जाळी तुटली, माणसं जखमी झाली. त्यातून पाल्कच्या उपसागरात वार वाटून घेतले गेले. आठवड्यातले तीन दिवस ट्रॉलरनी जायचं, चार दिवस होड्यांनी. १९८३ साली तमिळनाडूने सागरी मासेमारीचा कायदा केला आणि किनाऱ्यापासून तीन सागरी मैलांचा पट्टा लहान होड्यांसाठी राखून ठेवला. कायदा चांगला होता. पण रात्रीच्या अंधारात समुद्रावर रेघ कोण मोजतो? उथळ पाण्यात कोळंबी होती, म्हणून ट्रॉलरही तिथेच यायचे.

वाळलेल्या घोड्यांचा बाजार

याच काळात समुद्रघोड्याला गिऱ्हाईक मिळालं. चिनी वैद्यकात वाळवलेला समुद्रघोडा औषधात वापरण्याची जुनी प्रथा आहे. १९८० च्या दशकानंतर चीनमध्ये लोकांच्या हातात पैसा खेळू लागला, तशी मागणी वाढली. शिवाय घरातल्या काचेच्या टाक्यांसाठी जिवंत घोडे हवे होते, आणि पर्यटकांना विकायला किल्ल्यांच्या साखळ्या नि शोभेच्या वस्तू. हाँगकाँग, सिंगापूर, तैवान इथले व्यापारी माल उचलू लागले.

कॅनडातल्या शास्त्रज्ञ अमँडा व्हिन्सेंट यांनी देशोदेशीच्या बंदरांत फिरून, मासेमारांशी आणि व्यापाऱ्यांशी बोलून या बाजाराचा हिशोब मांडला. १९९६ साली त्यांचा अहवाल आला, आणि जग चकित झालं. वर्षाला निदान दोन कोटी समुद्रघोडे पकडले जात होते. हा व्यापार तीसपेक्षा जास्त देशांत चालत होता आणि मोठ्या प्रमाणात माल पाठवणाऱ्या देशांत भारताचं नाव होतं. आपल्या देशातला माल मुख्यतः तमिळनाडूच्या किनाऱ्यावरून जायचा. त्याच वर्षी व्हिन्सेंट आणि त्यांच्या सहकारी हेदर कोल्डेवे यांनी 'प्रोजेक्ट सीहॉर्स' ही संस्था सुरू केली.

आता त्या किनाऱ्यावरच्या घरात बसून विचार करा. ट्रॉलरने तळ खरवडलाय, होडीला मासळी कमी मिळतेय. अशा वेळी पाण्यात बुडी मारून समुद्रकाकडी नि समुद्रघोडा आणला तर रोख पैसे मिळतात. कर्जाचा हप्ता जातो, पोराची फी जाते. माणूस काय करील? पाणबुड्यांनी तेच केलं. त्यांना लोभी म्हणणं सोपं आहे. पण कुरण आधीच उजाड होत चाललं होतं, ही गोष्ट विसरून चालणार नाही.

२००१ ची बंदी

२००१ साली केंद्र सरकारने समुद्रघोडे आणि समुद्रकाकड्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातल्या. वाघाला जे संरक्षण, तेच त्यांना. पकडणं, बाळगणं, विकणं सगळंच गुन्हा. पुढे २००४ च्या मे महिन्यापासून जगभरच्या व्यापारावरही आंतरराष्ट्रीय कराराचे निर्बंध आले. समुद्रातल्या माशांसाठी अशी पावलं तोवर फारशी उचलली गेली नव्हती.

बंदीचं कारण खोटं नव्हतं. समुद्रघोडे कमी होत होते, बाजार आवरायलाच हवा होता. उघड निर्यात थांबली, हा फायदाही झाला. पण बंदी आली ती कागदावरून. वर्षानुवर्षं बुडी मारून पोट भरणाऱ्यांना दुसरं काम काय, याचं उत्तर त्या कागदावर नव्हतं. एका रात्रीत त्यांचा धंदा गुन्हा ठरला. काही जण तुरुंगात गेले, काही चोरट्या व्यापाराच्या हाती सापडले.

आणि खरी मेख पुढेच आहे. समुद्रघोडा मरतो तो बहुतेक ट्रॉलरच्या जाळ्यात, इतर मासळीबरोबर. ट्रॉलर काही त्याच्यासाठी जाळं टाकत नाही. कोळंबीसाठी टाकतो, घोडा आपोआप येतो. जाळं वर येईपर्यंत तो दबून मेलेला असतो. बंदीनंतरच्या अभ्यासांत दिसलं ते हेच. भारतात दरवर्षी लाखो समुद्रघोडे जाळ्यात येतच राहिले आणि त्यांतले बरेच चोरवाटेने विकलेही गेले. कायद्याने हात पकडला. जाळं तसंच फिरत राहिलं. जनावर यादीत आलं, त्याचं कुरण यादीबाहेरच राहिलं.

बायकांनी स्वतः घातलेले नियम

पाल्कच्या उपसागराला लागूनच दक्षिणेला मन्नारचं आखात आहे. तिथे रामनाथपुरम जिल्ह्यातल्या कोळी बायका पिढ्यान्‌पिढ्या बुडी मारून समुद्री शेवाळ गोळा करतात. डोळ्यांना चष्मा, बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या, कमरेला पिशवी. आइस्क्रीमपासून औषधापर्यंत अनेक वस्तूंत लागणारे घट्ट करणारे पदार्थ या शेवाळापासून निघतात.

१९८६ साली त्या आखातातली एकवीस बेटं सागरी राष्ट्रीय उद्यान झाली. समुद्र वाचवायला ते आवश्यकच होतं. पण ज्या बेटांजवळ या बायका काम करायच्या, तिथे जाणं आता बेकायदा ठरलं. दंड, जप्ती, दमदाटी सुरू झाली. या बायका मग संघटित झाल्या. त्यांनी मोर्चे काढले, निवेदनं दिली. पण तेवढंच करून त्या थांबल्या नाहीत. आपापसांत बसून त्यांनी स्वतःवरच नियम घातले. शेवाळ हातानेच तोडायचं, लोखंडी खरवडणी वापरायची नाही, म्हणजे खडक आणि प्रवाळ दुखावत नाहीत. महिन्यातून ठरावीक बाराच दिवस जायचं. मासेमारी बंदीच्या काळात शेवाळही काढायचं नाही, वाढू द्यायचं. या कामात पुढे असलेल्या लक्ष्मी मूर्ती यांना २०१५ साली सीकॉलॉजी हा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

शेवाळ आणि गवत वेगळं, हे आपण आधीच पाहिलं. तरी ही गोष्ट इथे सांगितली, कारण तिच्यातून एक फरक कळतो. वरून आलेला नियम मोडण्याची वाट लोक शोधतात. आपण बसून केलेला नियम मोडणाऱ्याला शेजारीणच जाब विचारते. बचतगटातल्या बायकांना हे मी वेगळं सांगायला नको.

गेलेलं गवत परत येतं का?

येतं, पण फार उशिरा आणि फार कष्टाने. याचं उत्तम उदाहरण अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर आहे, म्हणून क्षणभर तिकडे जाऊ. १९३० च्या दशकात अटलांटिक महासागराच्या दोन्ही काठांवर समुद्रगवताला रोग लागला आणि बहुतेक कुरणं वाळून गेली. व्हर्जिनिया राज्यात त्यात भर म्हणून १९३३ साली मोठं वादळ झालं. तिथल्या किनारी खाड्यांतलं गवत साफ गेलं. गवत गेलं तशी त्यात वाढणारी, खूप मागणी असलेली शिंपल्यांची एक जातही गेली. तिच्यावर चालणारा धंदा बसला. पुढची साठ-सत्तर वर्षं गवत परत आलं नाही, कारण बी धरायला जवळपास झाडच उरलं नव्हतं.

१९९९ च्या सुमारास तिथल्या शास्त्रज्ञांनी दुसरीकडच्या कुरणांतून बी गोळा करून पेरून पाहिलं. मग वीस वर्षं हजारो गावकरी आणि स्वयंसेवक दर वसंतात बी गोळा करत राहिले, शरदात पेरत राहिले. सात कोटींहून जास्त बिया पेरल्या. सुमारे दोनशे हेक्टरवर पेरलेलं गवत पसरत पसरत साडेतीन हजार हेक्टरच्या वर गेलं. ते पसरू शकलं, कारण तिथलं पाणी स्वच्छ होतं. पाणी गढूळ असतं तर सात कोटी बियाही वाया गेल्या असत्या.

आता पुन्हा आपल्या मनोऱ्याकडे येऊ. पाल्कच्या उपसागरातही गेल्या दहा-पंधरा वर्षांत गवताची लावणी होते आहे. तिथल्या 'ओमकार फाउंडेशन' या संस्थेने शोधलेली पद्धत तर आपल्या परसातल्या सामानाची आहे. बांबूच्या चौकटी करायच्या, त्यांवर काथ्याची दोरी ताणायची, दोरीला गवताचे कोंब बांधायचे आणि ती चौकट पाण्याखाली तळावर ठेवायची. कोंब मुळं धरतात. तोवर बांबू आणि काथ्या कुजून जातात, प्लॅस्टिकचा कचरा मागे राहत नाही. ज्यांनी भाताची लावणी केली आहे, त्यांना या कामातलं निम्मं तरी आधीच येतं.

घराला संरक्षण

आणि मग २०२२ साली ती गोष्ट झाली, जिची वाट पाहिली जात होती. २१ सप्टेंबर २०२२ रोजी तमिळनाडू सरकारने तंजावर आणि पुदुक्कोट्टै जिल्ह्यांच्या किनाऱ्यासमोरचं पाल्कच्या उपसागराचं ४४८ चौरस किलोमीटर क्षेत्र समुद्रगायींसाठी संवर्धन राखीव म्हणून जाहीर केलं. देशातलं अशा तऱ्हेचं हे पहिलंच. समुद्रगाय १९७२ च्या कायद्यापासूनच संरक्षित होती. पण पन्नास वर्षं संरक्षण गाईला होतं, चराऊ रानाला नव्हतं. या वेळी रानच राखलं. गाय वाचली तर त्या रानात शेपटी गुंडाळून बसणारा समुद्रघोडा, कोळंबी, खेकडे सगळेच वाचायची आशा.

'संवर्धन राखीव' हा शब्द नीट लक्षात ठेवा. राष्ट्रीय उद्यान वेगळं आणि हे वेगळं. २००२ साली वन्यजीव कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हा हा प्रकार आला. असं क्षेत्र जाहीर करण्याआधी स्थानिक लोकांशी सल्लामसलत करावी लागते. त्याच्या व्यवस्थापन समितीत त्या हद्दीतल्या प्रत्येक ग्रामपंचायतीचा एक प्रतिनिधी घ्यावा लागतो. पाल्कच्या उपसागरात जाळ्यात अडकलेली समुद्रगाय मासेमारांनीच जाळं कापून सोडल्याच्या घटना अनेकदा घडल्या आहेत. जाळं कापणं म्हणजे स्वतःचे पैसे पाण्यात सोडणं. वन विभाग त्यांचा सत्कार करतो, भरपाईही देतो. तुरुंगाच्या भीतीने जे झालं नाही, ते मानाने होताना दिसतं.

म्हणून सगळं साधलं, असं समजू नका. ट्रॉलर अजून आहेत. शहरांचं आणि कोळंबीच्या तळ्यांचं घाण पाणी आहे, तापणारा समुद्र आहे. जगात १८७९ पासून नोंदलेल्या समुद्रगवतापैकी जवळजवळ तीस टक्के नाहीसं झालं आहे. पण जगही जागं होतं आहे. श्रीलंकेने ठराव मांडला आणि २०२२ साली संयुक्त राष्ट्रांनी १ मार्च हा जागतिक समुद्रगवत दिन ठरवला. म्हणजे या उपसागराच्या दोन्ही काठांनी एकाच वर्षी गवताची दखल घेतली.

आपल्या किनाऱ्याचं काय?

आपल्याकडेही अशी एक गोष्ट आहे. १९८७ साली मालवणचा समुद्र सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. पण गावाला विश्वासात घेतलं नाही, अशी तक्रार राहिली. मासेमारी बंद पडेल या भीतीने विरोध झाला आणि अभयारण्य बरीच वर्षं कागदावरच राहिलं. उलट वेंगुर्ल्याजवळच्या मांडवी खाडीत बचतगटातल्या बायका होडीतून पाहुण्यांना कांदळवन दाखवतात आणि त्यातून चार पैसे मिळवतात. तिथे कांदळवन तोडायला कुणी आलं, तर आधी त्याच उभ्या राहतील. आपल्या राज्यात ग्रामपंचायतीत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. उद्या एखाद्या खाडीसाठी समिती बसली तर पंचायतीची प्रतिनिधी तुमच्यापैकीच कुणी असू शकते.

किनाऱ्यावरच्या मैत्रिणींसाठी दोन गोष्टी. समुद्रघोडा कोकणच्या जाळ्यांतही येतो. जिवंत असेल तर लगेच पाण्यात सोडायला घरच्यांना सांगा. वाळलेला घोडा शोभेला किंवा औषधाला विकत घेऊ नका, घरात ठेवू नका. कायद्याने तो गुन्हा आहे, आणि गिऱ्हाईक आहे तोवर बाजार चालतो.

आतल्या गावातल्या मैत्रिणी म्हणतील, आमच्याकडे समुद्र नाही, आम्ही काय करायचं? तर पुढच्या बैठकीत एवढं बोला. आपल्या गावाचं गायरान, तळं, ओढा किंवा देवराई, यांतलं काय गेल्या पन्नास वर्षांत आटलं किंवा उजाड झालं? कुणाच्या नांगराने, कुणाच्या जेसीबीने? ते वाचवायला कोणता नियम आला, तो कुणी केला, आणि तेव्हा बायकांना कुणी विचारलं होतं का? वयस्क बायकांना आधी बोलू द्या, कारण जुनं कुरण त्यांनीच पाहिलंय. कुणीतरी वहीत लिहून ठेवा.

पाल्कच्या उपसागराचा इतिहास आपल्याला इतकंच सांगतो. जीव वाचवायचा तर त्याचं घर वाचवावं लागतं. आणि घर वाचवायचं तर शेजाऱ्यांना विचारावं लागतं. हे कळायला तिथे पन्नास वर्षं लागली. आपल्याला तेवढी लागू नयेत.

तुमच्या वहीत काय उतरलं ते आम्हाला जरूर कळवा. येते मी. नमस्कार.